अद्भुताचे प्रमाण आणि न घडलेला चमत्कार

१

करमाळ्याजवळ श्रीदेवीच्या माळावर कमलाभवानीचे मंदिर आहे. रावरंभा निंबाळकर घराण्याने ते १७२७ मध्ये उभारले. तुळजापूरच्या भवानीचे दुसरे ठाणे म्हणून त्याची ख्याती आहे. या परिसरात शहाण्णव या संख्येला विशेष मान आहे. मंदिराचे खांब शहाण्णव, बारवेच्या पायऱ्याही शहाण्णव, अशी गणना परंपरेने सांगितली जाते आणि पहिल्यांदा येणारा माणूस तिचे नवल करतो. हे नवल सृष्टीचा एकही नियम मोडत नाही. ज्याला शंका असेल त्याने बारवेत उतरावे आणि पायऱ्या मोजाव्यात. याच मुलखात श्रावणात नवनाथांच्या पोथीचे पारायण लागते, तेव्हा त्याच श्रोत्यासमोर वेगळ्या जातीचे नवल उभे राहते. भस्माची चिमूट टाकताच वारा थांबतो, मातीचा पुतळा चालू लागतो, डोंगर सोन्याचा होतो. या नवलाला मोजदाद लागू पडत नाही. ते ऐकायचे असते आणि कथेपुरते मानायचे असते.

या दुसऱ्या नवलाचे कथेतले प्रमाण किती असावे, हा साहित्यविचारातला जुना प्रश्न आहे. गेल्या अर्धशतकात तो एका नव्या कथनप्रकाराने पुन्हा स्पष्टपणे विचारला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक सूत्रधार काल्पनिक जग मांडतो, प्रत्येक खेळाडू त्या जगातले एक पात्र होतो, पात्राने काय करावे हे तोच ठरवतो, आणि कृती सफल झाली की नाही याचा निवाडा पुष्कळदा फाशांवर होतो. कथा महिनोन्‌महिने चालते आणि तिचा शेवट कोणालाही आधी ठाऊक नसतो. अशा खेळाच्या सूत्रधाराला आरंभीच ठरवावे लागते की, या जगात जादू किती सुलभ असावी? गावोगावी मांत्रिक असावेत, की साऱ्या राज्यात एखादाच? कादंबरीकार हा प्रश्न लिहिता लिहिता सोडवू शकतो, किंवा टाळूही शकतो. सूत्रधाराला ती सवलत नाही. पहिल्याच संध्याकाळी एखादा खेळाडू विचारतो, ‘माझा सोबती मेला, त्याला उठवणारा कोणी जवळपास आहे का?’ या प्रश्नाचे जे उत्तर दिले जाईल त्यावर त्या जगातल्या मरणाचा अर्थ ठरतो.

प्रमाणाचा हा प्रश्न बहुधा रुचीचा मानला जातो. कोणाला अद्भुत भरपूर हवे असते, कोणाला चवीपुरते. वस्तुतः तो प्रथम नीतीचा प्रश्न आहे आणि रुचीचा नंतर. मराठी कथनपरंपरेने त्याचे फार विचारपूर्वक उत्तर दिलेले आहे, मात्र ते शास्त्रग्रंथांत नसून कथांच्या रचनेत आहे.

२

आधी रुचीच्या बाजूने मिळणारे उत्तर तपासले पाहिजे. भरताने अद्भुत रसाचा स्थायिभाव विस्मय हा सांगितला आणि नाट्याच्या निर्वहणात, म्हणजे शेवटच्या संधीत, अद्भुताची योजना करावी असे सुचवले. यामागचे तर्कशास्त्र उघड आहे. विस्मय हा भाव पुनरावृत्तीने झिजतो. करुणाला पुनरावृत्ती काही काळ सोसते. विस्मयाला ती मुळीच सोसत नाही. म्हणून तो राखून ठेवावा आणि शेवटी खर्चावा.

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी कादंबरीविषयीचा वाद याच वळणाचा होता. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या लाटेनंतर काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ १८७२ मध्ये आला आणि असंभाव्यतेचा प्रश्न चर्चेत आला. पुढे हरिभाऊ आपट्यांच्या हाती कादंबरी वास्तवाकडे वळली आणि अद्भुत हे अपरिपक्व अभिरुचीचे लक्षण होय, असा समज मराठी समीक्षेत रूढ झाला. या समजात एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की अद्भुत जितके अधिक तितका त्याचा परिणाम उणा.

हे गृहीतक ‘नवनाथ भक्तिसार’ या ग्रंथापुढे टिकत नाही. धुंडिसुत मालू याने १८१९ मध्ये पूर्ण केलेल्या या चाळीस अध्यायांच्या पोथीत अद्भुत नाही असा अध्याय सापडणे कठीण. गोरक्षाच्या ‘किमयागार’ या ग्रंथाचा आधार घेतल्याचे पोथी स्वतःच सांगते. किमया हा तिचा अपवाद नसून व्यवहार आहे. शाबरी विद्या, अस्त्रे, प्रतिअस्त्रे, बावन्न वीर यांची तिथे जवळजवळ एक शिस्तबद्ध यंत्रणा आहे. कोणते अस्त्र कोणत्या अस्त्राला छेदते याचे नियम आहेत. विद्या गुरूकडून मिळवावी लागते, सिद्ध करावी लागते. तरीही दोनशे वर्षे श्रोते ही पोथी न कंटाळता ऐकत आले. विस्मय जर केवळ दुर्मीळतेवर जगत असता, तर हे घडले नसते.

मग तो कशावर जगतो? बाल गोरक्षाची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. गोरक्ष संजीवनी मंत्राचा पाठ करीत बसलेला असतो. गावची मुले चिखलाची गाडी करून खेळत असतात. गाडीला गाडीवान हवा म्हणून ती गोरक्षाला मातीचा माणूस करून मागतात. ओठांवर मंत्र आणि हातात चिखल, अशा अवस्थेत तो पुतळा घडतो आणि जिवंत होतो. हाच पुढचा गहिनीनाथ. मुले भुताच्या भयाने पळून जातात. कथेची सारी शक्ती या पळण्यात आहे. नाथांच्या दृष्टीने संजीवनी हा शिकण्याचा धडा आहे. मुलांच्या दृष्टीने ती जगाची घडी विस्कटणारी घटना आहे. अद्भुत नाथांमध्ये कितीही विपुल असले, तरी कथेत गाडीवान मागणारी मुले असेपर्यंत विस्मयाला आधार राहतो. म्हणजे प्रश्न एकूण प्रमाणाचा नाही, वाटणीचा आहे. सिद्धी कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांच्या नजरेला कथेत जागा आहे की नाही, यावर रसपरिणाम ठरतो.

रसाचा प्रश्न असा सुटतो. परंतु वाटणी हा शब्द आला की नीतीचा प्रश्न उभा राहतो.

३

त्याच पोथीत मीननाथाची कथा आहे. स्त्रीराज्यात रमलेल्या मच्छिंद्राला गोरक्ष परत आणतो. मच्छिंद्राचा मुलगा मीननाथ सोबत असतो. गुरूच्या मनात अजून मोह उरला आहे, हे गोरक्षाला खुपते. मुलाला धुवून आणायचे निमित्त होते आणि गोरक्ष त्याला धोब्याने कपडा आपटावा तसा आपटून मारतो. मच्छिंद्र शोक करतो. गोरक्ष त्याला त्या शोकाचा जाब विचारतो आणि मग संजीवनीने मुलाला उठवतो. पुढे मच्छिंद्राने स्त्रीराज्यातून लपवून आणलेली सोन्याची वीट गोरक्ष फेकून देतो. गुरू कष्टी होताच आपल्या सिद्धीने सबंध डोंगर सोन्याचा करून दाखवतो. गर्भगिरीच्या रांगेशी ही कथा जोडलेली आहे, आणि ती रांग करमाळ्याच्या उत्तरेला फार दूर नाही.

दोन्ही प्रसंगांचा सांप्रदायिक अर्थ स्पष्ट आहे. सोने आणि संतान यांचा मोह निरर्थक आहे, हे शिष्याने गुरूला शिकवले. डोंगरच सोन्याचा होऊ शकत असेल तर विटेला जपण्यात अर्थ उरत नाही, हा युक्तिवाद निर्दोष आहे. पण हाच युक्तिवाद मुलाला लावला की आधुनिक वाचक अडखळतो. मेलेले मूल उठवता येत असेल तर त्याच्या मरणाचा शोक करण्यात अर्थ नाही, असे म्हणावे लागते. मरण उलटवता येण्याजोगे झाले की हत्येचा दृष्टान्त होतो आणि बापाचे रडणे अज्ञान ठरते. अद्भुताची स्वस्ताई पहिला घाव घालते तो दुःखाच्या प्रतिष्ठेवर.

दुसरा घाव उलट दिशेने येतो. सिद्धी सुलभ असलेल्या जगात ज्याचे मूल उठवले जात नाही, त्याचे काय? पोथीत मीननाथ उठतो. परंतु ज्या गावांतून हे योगी गेले, तिथल्या घरोघरी मुले मरतच असणार. सामान्य जगात अशा मरणाला कोणी उत्तरदायी नसते. संजीवनी जाणणारा माणूस वेशीवर उतरलेला असेल तर प्रत्येक मरणाला एक उत्तरदायी निर्माण होतो. जिथे सामर्थ्य आहे तिथे न केलेली मदत हीही कृती ठरते. म्हणून कथेत अद्भुत जितके सुलभ, तितकी न घडलेल्या चमत्कारांची यादी लांबत जाते, आणि ती यादी त्या जगातल्या समर्थांवरचे आरोपपत्र असते.

वाचकांना हे आरोपपत्र चटकन दिसते. टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) या कादंबरीत अद्भुत मोजूनमापून वापरलेले आहे. तरीही तिच्या वाचकांत पिढ्यान्‌पिढ्या एक शंका फिरत आली आहे. प्रचंड गरुड शेवटी नायकांना सोडवून आणू शकतात, तर प्रारंभीच त्यांनी अंगठी का नेली नाही? ही शंका चातुर्याची वाटते, पण तिच्यात न्यायबुद्धी आहे. जे दुःख टाळता येत होते ते का भोगायला लावले, असा तिचा आशय आहे. एकदा वापरलेले सामर्थ्य कथेच्या मागच्या पानांनाही लागू होते आणि तिथे त्याची अनुपस्थिती जाब मागू लागते.

४

मराठी संतचरित्रे या पार्श्वभूमीवर वाचली तर त्यांतला एक संयम ध्यानात येतो. महिपतीचा ‘भक्तविजय’ (१७६२) चमत्कारांनी भरलेला आहे, हे खरे. पण ते चमत्कार कोणत्या ठिकाणी येतात आणि कोणत्या ठिकाणी येत नाहीत, हे पाहिले पाहिजे.

दामाजीपंतांची कथा करमाळ्याच्याच जिल्ह्यातली, मंगळवेढ्याची. बहामनी राजवटीतला हा अधिकारी दुष्काळात सरकारी कोठारे लोकांसाठी खुली करतो. बेदरच्या बादशहाचा कोप होतो. तेव्हा विठ्ठल विठू महाराच्या रूपाने दरबारात जातो, धान्याची किंमत मोजून चुकती करतो, रीतसर पावती घेतो आणि ती दामाजीच्या पोथीत ठेवतो. सर्वसमर्थ देवासाठी ही कृती किती छोटी आहे! ज्याला मोहरांची न सरणारी थैली आणता येते त्याला पाऊसही पाडता आला असता. कोठारे आपोआप भरता आली असती. कथा ते करीत नाही. दुष्काळ दुष्काळच राहतो. लोकांच्या तोंडी पडणारा दाणा अद्भुतातून येत नाही; एका माणसाने प्राणाची जोखीम पत्करून घेतलेल्या निर्णयातून येतो. चमत्कार त्या निर्णयानंतर येतो, आणि येतो तोही हिशेबाच्या रूपाने. कोठारे रिती करताना ही पावती मिळेल याची दामाजीला कल्पना नाही. ती असती तर त्याच्या कृतीला काही मोल उरले नसते.

आता यातला क्रम उलटा करून पाहावा. देव आधी पाऊस पाडतो आणि दामाजी त्याचे आभार मानतो, अशी कथा रचली असती तर दोन अनर्थ झाले असते. दामाजी निव्वळ प्रेक्षक झाला असता; आणि पुढच्या प्रत्येक दुष्काळात श्रोत्याने विचारले असते की या खेपेला देव कुठे गेला. भीमा आणि सीना यांच्यामधल्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. १८७६–७८ चा दुष्काळ या मुलखाने पाहिला, १९७२ चाही पाहिला. पावसाचा चमत्कार सांगणारी कथा या श्रोत्यांपुढे टिकली नसती. कोठार उघडण्याची कथा टिकली, कारण तिने श्रोत्याला अशक्य आशा लावली नाही. कोठाराची किल्ली ज्याच्या हाती आहे त्याला मात्र तिने नि:संदिग्धपणे जबाबदार धरले.

तुकारामांच्या चरित्रात हाच संयम अधिक कठोर रूपात दिसतो. इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, असे परंपरा सांगते. पण त्याआधी, १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात, तुकारामांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. चरित्रकार ही हकीकत सांगतात आणि तिला चमत्काराचा स्पर्श होऊ देत नाहीत. वह्या तरल्या, माणसे तरली नाहीत. कागद वाचवणाऱ्या देवाने माणसे का वाचवली नाहीत, हा प्रश्न कथेत उघडा राहतो. तो झाकण्यासाठी आणखी एक चमत्कार घालणे महिपतीला अवघड नव्हते. त्याने तो घातला नाही, कारण तुकारामांच्या वाणीचा उगम ज्या दुःखात आहे ते दुःख रद्द केले असते तर वह्यांत वाचवण्यासारखे काही उरलेच नसते.

५

या मांडणीवर दोन आक्षेप घेता येतात आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप असा की, हा संयम नीतीचा नसून सोयीचा आहे. कथाकाराला ठाऊक होते की पाऊस पडत नाही; म्हणून त्याने पडताळता येणार नाहीत तेवढेच चमत्कार ठेवले आणि देवाची अब्रू राखली. आक्षेपात तथ्य आहे. पण तो कथाकाराच्या हेतूविषयी आहे, कथेच्या परिणामाविषयी नाही. हेतू देवाला वाचवण्याचा असेलही. परिणामी माणसाचा निर्णय अनिवार्य राहिला. कथेचे मूल्यमापन करताना तिने माणसाला कुठे उभे केले, हे पाहावे लागते.

दुसरा आक्षेप नव्या खेळांच्या अनुभवातून येतो. जादू दुर्मीळ कशाला करावी, तिला किंमत लावली की पुरे, असे तो म्हणतो. जॅक व्हॅन्सच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या कथासंग्रहातल्या मांत्रिकाला थोडेच मंत्र डोक्यात ठेवता येतात आणि वापरताच मंत्र विसरला जातो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने ही कल्पना उचलली. त्या खेळाच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत मृताला उठवण्यासाठी पाचशे सुवर्णमुद्रांचा हिरा खर्ची घालावा लागतो. किंमत लावल्याने जादू आवरली जाते हे खरे. पण किंमत कोणाला परवडते? हिरा बाळगणारा सरदार उठतो. त्याच्या शेतावर राबणारा गडी उठत नाही. मरणापुढची समता, जी दुःखी माणसाची शेवटची समजूत असते, तीही या जगात नष्ट होते. किंमतीने प्रश्न मिटत नाही. तो देवाकडून बाजाराकडे सरकतो.

तथापि या आक्षेपातून एक उपयुक्त निष्कर्ष निघतो. विपुल अद्भुत निषिद्ध नाही. सूत्रधाराला गावोगावी संजीवनी हवी असेल तर त्याने ती द्यावी. पण मग त्या जगातले वारसाहक्क, तुरुंग, युद्धे, सुतक, सावकारी हे सारे त्याला नव्याने कल्पावे लागेल. ज्यांना संजीवनी नाकारली गेली त्यांचा संताप त्याला कथेत आणावा लागेल. दोष विपुलतेत नाही. दोष आहे तो विपुल सामर्थ्य मांडून त्याच्या शेजारी आपल्या ओळखीचे दुष्काळ, आपल्या ओळखीची बालमरणे जशीच्या तशी ठेवण्यात आणि त्यांविषयी कोणालाच काही न विचारण्यात. प्रमाणाची कसोटी म्हणून असे म्हणता येईल की, कथेत अद्भुत तितकेच असावे, जितक्याच्या अनुपस्थितीचा जाब ती कथा देऊ शकते. जाब देण्याची तयारी वाढली तर प्रमाणही वाढवता येईल.

६

हा विचार कल्पित जगांपुरता राहत नाही. महाराष्ट्रात चमत्कार हा केवळ कथनाचा विषय कधीच नव्हता. तो एक व्यवसायही होता आणि आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली. त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आधी अध्यादेशाने आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये विधिमंडळाच्या संमतीने अस्तित्वात आला. या कायद्यातली एक तरतूद साहित्याच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. तथाकथित चमत्कार करून दाखवून पैसे मिळवणे आणि लोकांना फसवणे तो गुन्हा ठरवतो. मात्र हरिकथा, कीर्तन, प्रवचन आणि दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन यांना तो आपल्या कक्षेबाहेर ठेवतो. कायद्याने येथे नकळत कथनशास्त्राचा भेद केला. जो चमत्कार कथेत घडून गेला तो कोणाकडून काही मागत नाही. समोर बसलेला बुवा जो चमत्कार करू म्हणतो तो मागतो, आणि ज्याच्या घरी मूल आजारी आहे त्याच्याकडे मागतो.

पण हा भेद कायद्याला वाटतो तितका पक्का नाही. कथाच श्रोत्याला शिकवते की सामर्थ्य कुठे शोधायचे. सिद्धी सर्वत्र विखुरलेली आहे, योग्य माणूस भेटला की काम झाले, असे जग ज्याने आयुष्यभर ऐकले, तो दवाखान्याची वाट सोडून त्या माणसाच्या शोधात निघू शकतो. ज्याने दामाजीची कथा ऐकली, तो कोठाराची किल्ली कोणाकडे आहे हे विचारू शकतो. दोन्ही कथा तितक्याच असंभाव्य आहेत. त्यांनी घडवलेला श्रोता मात्र एकच नाही. अर्थात पोथी ऐकणारा प्रत्येक श्रोता भोळा असतो असे समजणे हा सुशिक्षितांचा उद्धटपणा होईल. श्रावणात नवनाथ ऐकणारा शेतकरी पेरणीच्या वेळी ढगाकडे पाहतो, भस्माकडे नाही. कथेचे जग आणि शेताचे जग यांतली वेस त्याला ठाऊक असते. कथाकाराचे दायित्व एवढेच की ती वेस त्याने पुसू नये.

करमाळा तालुक्याच्या पश्चिम अंगाला आज उजनीचे पाणी आहे. धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्या पाण्यावर ऊस आणि केळी उभी राहिली आणि त्याच पाण्याखाली गावे गेली. पाणी कुठून आले, कोणाच्या निर्णयाने आले, त्यापायी कोणाला घर सोडावे लागले, हे सारे विचारता येते आणि त्याची उत्तरे मागता येतात. कमलाभवानीच्या बारवेचेही तसेच आहे. ती कोणीतरी खणली, कोणीतरी बांधली. दगड वाहणाऱ्यांची नावे राहिली नाहीत, पण पायऱ्या राहिल्या. पाण्याशी जायचे तर त्या उतराव्याच लागतात.